मंजुरी आणि कार्यादेश : सातारा-सांगलीच्या नागरी कामांचा प्रवास

(नगरपरिषद, महानगरपालिका व पंचायत सदस्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सातारा आणि सांगली ही एकाच घरातून वाटणी होऊन वेगळी निघालेली दोन भावंडे होत. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, तरी कृष्णामाई एकच राहिली. १९४२ च्या प्रतिसरकारचा वारसाही सामाईक राहिला. यशवंतराव चव्हाण जन्मले ते देवराष्ट्रे येथे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात. त्यांचे सार्वजनिक जीवन मात्र बहरले साताऱ्यातील कराडला. पद्माळ्याच्या वसंतदादा पाटलांनी सांगलीतून राज्याचे मुख्यमंत्रिपद गाठले. ज्या भूमीने अशी माणसे दिली, त्या भूमीत राजकारण हा रिकामपणचा उद्योग राहत नाही. ते चावडीवर असते, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत असते, आणि पालिकेच्या सभागृहात तर ते असतेच असते.

प्रश्न असा की, या राजकीय चुरशीचा शहराच्या नळाशी, गटाराशी आणि रस्त्याशी नेमका काय संबंध येतो? या विषयी दोन मते सर्रास ऐकू येतात. एक मत असे की, वरती एका पक्षाचे सरकार आणि खाली दुसऱ्या पक्षाची पालिका असली की निधी अडतो. दुसरे मत असे की, अमुक नेत्याच्या वजनामुळे तमुक कोटी रुपये शहराला मिळाले. दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. मंत्रालयातून निघालेला रुपया शहरात पाणी होऊन पोहोचेपर्यंत किती दारांतून जातो आणि त्यांपैकी कोणत्या दाराशी राजकारणाचा पहारा असतो, हे पाहिल्याशिवाय या मतांची पारख होणार नाही.

पूर्वीची मिळकत

सातारा नगरपालिका १८५३ ची. महाराष्ट्रातील अत्यंत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उतारावर वसलेले. नदी खाली, वस्ती वर. त्यामुळे पाणी आणावयाचे ते डोंगरावरूनच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कासच्या पठारावर तलाव बांधला गेला आणि तेथून सुमारे २५ किलोमीटर अंतर उताराच्या आधाराने पाटातून कापीत पाणी शहरात आले. यंत्र नाही, उपसा नाही. आजही साताऱ्यात कासच्या पाण्याचे कौतुक होते ते केवळ गोडीमुळे नव्हे. शहापूरच्या योजनेत उरमोडीचे पाणी विजेने उचलावे लागते आणि कासचे आपल्या पायांनी येते, हे पालिकेच्या लेखापालास चांगले ठाऊक असते.

सांगलीची गोष्ट नेमकी उलटी. येथे नदी दाराशी, किंबहुना दारातच. पटवर्धन संस्थानिकांच्या काळात १९२९ मध्ये कृष्णेवर आयर्विन पूल उभा राहिला. त्या पुलाशी पाण्याची पातळी किती फूट झाली, हा सांगलीकरांच्या पावसाळ्यातील पहिला प्रश्न असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ती पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. २००५ आणि २०२१ चे पूरही विसरण्याजोगे नव्हते. पाणी आणण्याची चिंता साताऱ्याला, तर आलेले पाणी आणि वापरलेले पाणी बाहेर काढण्याची चिंता सांगलीला, असा हा निसर्गाचा न्याय आहे.

या दोन्ही शहरांचा जुना कारभार मुख्यतः स्वतःच्या करांवर चालत असे आणि त्या करांत जकातीचा वाटा मोठा होता. जकात नाका म्हणजे लाच, खोळंबा आणि धूळ, अशी त्याची ख्याती होती, आणि ती गेली याबद्दल कोणी अश्रू ढाळले नाहीत. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली व तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. महानगरपालिकांमध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. सांगलीच्या व्यापाऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला. १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महानगरपालिकांना शासनाकडून भरपाई मिळू लागली.

हे सारे आर्थिक सुधारणेच्या दृष्टीने योग्यच म्हटले पाहिजे. परंतु त्याचा एक परिणाम नागरी राजकारणावर झाला, त्याची चर्चा फारशी होत नाही. जी पालिका स्वतःच्या नाक्यावर पैसा जमवीत होती, ती आता दर महिन्याला मुंबईकडे डोळे लावून बसू लागली. घरपट्टी आणि पाणीपट्टी या दोन करांना हात लावण्यास कोणताही निवडून आलेला सदस्य सहसा धजत नाही. निवडणुकीच्या वर्षी तर मुळीच नाही. मग शहराचे मोठे काम करावयाचे तर वरून निधी आणणे हाच एक मार्ग उरतो. नगरसेवकाचे मोल त्याने सभागृहात काय मांडले यावर ठरण्याऐवजी त्याने मंत्रालयातून काय आणले यावर ठरू लागले, त्याचे मूळ येथे आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना स्वराज्याचे स्थान दिले आणि नेमक्या त्याच काळात त्यांचे उत्पन्नाचे पाय मात्र आखडत गेले.

निधीचे टप्पे

डिसेंबर २००५ मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. त्यातील लहान व मध्यम शहरांच्या योजनेत केंद्राचा वाटा ८० टक्के, राज्याचा १० आणि पालिकेचा १० टक्के असा हिशेब होता. राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने नगरोत्थान महाअभियान आले. जून २०१५ मध्ये अमृत अभियान आले व त्यात सातारा आणि सांगली-मिरज-कुपवाड या दोन्हींचा समावेश झाला. या शिवाय जिल्हा वार्षिक योजना, वैशिष्ट्यपूर्ण कामांची अनुदाने आणि वित्त आयोगाचा निधी आहेच. योजनांची नावे बदलत गेली. कागदाची वाट मात्र फारशी बदलली नाही.

प्रथम सविस्तर प्रकल्प अहवाल तयार व्हावा लागतो. त्याला तांत्रिक मान्यता मिळते, मग प्रशासकीय मान्यता. त्यानंतर निविदा निघते, दर ठरतात, आणि सर्वांत शेवटी ठेकेदाराच्या हाती कार्यादेश पडतो. कामाचा पहिला हप्ता खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा हप्ता येत नाही. पालिकेने आपला हिस्सा भरला नाही, तर वरचा निधी मंजूर असूनही हाती लागत नाही. आणि वर्षअखेरीचा मार्च महिना कोणासाठी थांबत नाही.

वर्तमानपत्रात येणारा कोटींचा आकडा या साखळीतील बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या कडीचा असतो. त्याच बातमीत पुष्पगुच्छ दिलेले छायाचित्र असते. कार्यादेशाची बातमी सहसा छापून येत नाही, कारण तो एका टंकलिखित पत्राचा मामला असतो. त्यात नेत्याला हार घालण्याची सोय नसते. परंतु राजकीय वादळात कोणती कामे तगून राहिली आणि कोणती वाहून गेली, याचा शोध घेतला तर सीमारेषा त्या साध्या पत्रापाशीच आढळते.

याचा प्रत्यय राज्याला दोन वेळा आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सत्तांतर झाले व डिसेंबरमध्ये नव्या शासनाने नगरविकासाची, कार्यादेश न निघालेली कामे थांबवून त्यांचा फेरआढावा घेण्याचे ठरविले. ३० जून २०२२ रोजी पुन्हा सत्तांतर झाले. जुलैमध्ये जिल्हा वार्षिक योजनेतील नव्याने मान्य झालेली कामे नवे पालकमंत्री येईपर्यंत रोखून धरण्यात आली. आधीच्या काळात मंजूर झालेल्या, परंतु निविदेपर्यंत न पोहोचलेल्या इतरही अनेक कामांना स्थगिती मिळाली. पालकमंत्र्यांची नावे जाहीर झाली ती २४ सप्टेंबरला. काही ग्रामपंचायतींनी या स्थगितीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दोन्ही वेळा सत्तेवर येणाऱ्या पक्षांची नावे वेगळी होती. रीत तीच होती. नव्या शासनास आधीच्या निर्णयांचा आढावा घेण्याचा अधिकार आहे, याविषयी वाद नाही. अखेरच्या दिवसांत घाईघाईने वाटलेल्या मंजुऱ्या तपासणे कित्येकदा आवश्यकही ठरते. पण या आढाव्याच्या काळात पावसाळा सरतो, ठेकेदाराचे दर जुने होतात, आणि पुन्हा अंदाजपत्रक करण्याची वेळ येते. तो वाढीव खर्च कोणत्याही पक्षाच्या खात्यावर पडत नाही.

सांगलीचे वेळापत्रक

सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन गावे एकत्र करून ९ फेब्रुवारी १९९८ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ५ लाखांवर होती. तीन गावांचे तीन स्वभाव. सांगली ही हळदीची पेठ आणि नाट्यपंढरी. मिरज म्हणजे रेल्वेचे जंक्शन, दवाखाने आणि तंतुवाद्ये. कुपवाड हे कारखान्यांच्या आधाराने वाढलेले. निधी आला की तो तिघांत कसा वाटावयाचा, हाच एक वेगळा वाद असतो. महापालिका होऊन वीस वर्षे उलटली तरी कुपवाडला भुयारी गटारे नव्हती, ही गोष्ट त्या वादावर पुरेसा प्रकाश टाकते.

आता या शहरातील सत्तेचे वेळापत्रक राज्याच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावे. २००८ मध्ये मदन पाटील यांच्या नेतृत्वाखालील काँग्रेसची सत्ता जाऊन जयंत पाटील यांच्या पुढाकाराने झालेली महाआघाडी आली. तिच्यात राष्ट्रवादीबरोबर भाजप आणि शिवसेनाही होते, म्हणजे मुंबईत समोरासमोर बसणारे पक्ष सांगलीत एका बाकावर आले. जुलै २०१३ मध्ये काँग्रेस परत आली. राज्यातील काँग्रेसप्रणीत सरकार सप्टेंबर २०१४ मध्ये गेले. म्हणजे दोन्हीकडे एकच पक्ष अग्रभागी होता तो काळ सुमारे चौदा महिन्यांचा. ऑगस्ट २०१८ मध्ये भाजपने ७८ पैकी ४१ जागा जिंकून प्रथमच पालिका घेतली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शहरासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केली आणि सांगलीत त्या आकड्याची चर्चा पुढे कित्येक महिने चालली. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्याची सत्ता बदलली. जुळणीचा हा दुसरा काळ पंधरा महिन्यांचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये सभागृहातील बहुमत भाजपचे असताना काही सदस्यांच्या वेगळ्या भूमिकेमुळे महापौरपद राष्ट्रवादीकडे गेले व पालिका पुन्हा राज्याच्या सत्तेशी जुळली. जून २०२२ मध्ये राज्य बदलले. हा तिसरा काळ सोळा महिन्यांचा.

तीन संधी आल्या आणि त्यांतील एकही दीड वर्ष टिकली नाही. एवढ्या अवधीत रस्त्यावर डांबर पडू शकते. एखादे समाजमंदिर उभे राहू शकते. भुयारी गटाराची योजना मात्र एवढ्या अवधीत कागदावरूनही खाली उतरत नाही. मग नवा आलेला पक्ष कोणती कामे हाती घेईल? जी आपल्या काळात दिसतील ती. त्याला दोष देता येत नाही. त्याला पुन्हा मतदारापुढे जावयाचे असते. मात्र या हिशेबात जे जमिनीखाली आहे ते नेहमी मागे राहते.

शेरीनाल्याचे उदाहरण सांगलीत शाळकरी मुलासही ठाऊक आहे. शहराचे सांडपाणी या नाल्यातून थेट कृष्णेत मिसळते, आणि त्याच कृष्णेचे पाणी शहर पिते. हे सांडपाणी उपसून धुळगावच्या बाजूस न्यावे, त्यावर प्रक्रिया करावी व ते शेतीला द्यावे, अशी योजना आखण्यात आली. कल्पना उत्तम होती. घाणीचे खत आणि पाणी व्हावे, नदी मोकळी व्हावी, दुष्काळी शिवाराला ओल मिळावी. परंतु वर्षे गेली, खर्च वाढला आणि प्रत्येक पालिका निवडणुकीत शेरीनाला हा प्रचाराचा मुद्दा म्हणून परत परत आला. जाहीरनाम्यांत त्याचा उल्लेख इतक्या वेळा झाला की, त्या कागदांचा बांध घातला असता तरी थोडेफार पाणी अडले असते, असे सांगलीकर विनोदाने म्हणू शकतील.

या प्रकारच्या योजनेत आणखी एक अडचण असते व ती पक्षीय मुळीच नाही. शासनाचा निधी बांधण्यासाठी मिळतो. चालविण्यासाठी मिळत नाही. उपसा करणारी यंत्रे रात्रंदिवस चालली पाहिजेत, त्यांचे वीजबिल दरमहा भरले पाहिजे, आणि ते भरावयाचे पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून. ज्या पालिकेने वीस वर्षांत पाणीपट्टीला हात लावण्याचे टाळले, तिला कोट्यवधींची यंत्रणा फुकट मिळाली तरी ती पेलेलच असे नाही.

साताऱ्यातील चुरस

साताऱ्याकडे वळले की आणखी एक समज मोडतो. येथील स्पर्धा बराच काळ पक्षापक्षांतील नव्हतीच. खासदार उदयनराजे भोसले यांची सातारा विकास आघाडी आणि आमदार शिवेंद्रसिंहराजे भोसले यांची नगर विकास आघाडी हे पालिकेतील दोन गट. आणि दोघे नेते एकाच घराण्यातील, पुष्कळ वर्षे एकाच पक्षातील. आधी दोघेही राष्ट्रवादीत होते, २०१९ मध्ये दोघेही भाजपमध्ये गेले. पक्ष बदलले तरी आघाड्या तशाच राहिल्या. २०१६ पूर्वी सुमारे दहा वर्षे दोन्ही आघाड्यांनी पालिकेत एकत्र कारभार केला. त्या समझोत्याला सातारकरांनी ‘मनोमिलन’ हा सुंदर शब्द दिला. २०१६ च्या निवडणुकीत मनोमिलन तुटले. थेट निवडून आलेले नगराध्यक्षपद सातारा विकास आघाडीकडे गेले.

मनोमिलनाच्या काळात काम अधिक झाले की चुरशीच्या काळात, हा साताऱ्याच्या कट्ट्यावरचा जुना वाद आहे. त्याचा निकाल देणे कठीण. पण एक निरीक्षण नोंदविण्यासारखे आहे. सर्वांचे एकमत झाले की ठराव लवकर मंजूर होतात. सभागृहात प्रश्न विचारणाराही मग कोणी उरत नाही. उलट चुरस असली की एकाने एक काम आणले म्हणून दुसरा दुसरे आणण्यासाठी धावतो आणि पहिल्याच्या कामातील उणीवही दाखवितो. शहराला या धावपळीचा लाभ होतो. तोटा होतो तो उद्घाटनाच्या वेळी.

पोवई नाक्यावर अनेक रस्ते एकत्र येतात. ती कोंडी फोडण्यासाठी जमिनीखालून वाहने नेणारा ग्रेड सेपरेटर बांधण्यात आला. जानेवारी २०२१ मध्ये शासकीय सोहळ्याची वाट न पाहता उदयनराजे यांनी तो वाहतुकीस खुला केला आणि काही दिवस साऱ्या जिल्ह्यात चर्चा झाली ती उद्घाटन कोणाचे खरे याची. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण अशा वेळी आठवते. पण ग्रेड सेपरेटर तयार होण्यास जी वर्षे लागली, त्या काळात नाक्यावरील दुकानदारांनी सोसलेली धूळ, वाहिन्या हलविण्याचे किचकट काम आणि अभियंत्यांनी काढलेले आराखडे, यांना कोणत्याच फितीत जागा मिळाली नाही.

हद्दवाढीचे प्रकरण याहून महत्त्वाचे आहे, विशेषतः पंचायत सदस्यांसाठी. शाहूपुरी, विलासपूर यांसारख्या वस्त्या सर्वार्थाने शहराच्या झाल्या होत्या. तेथील लोक शहरात नोकरी करीत, शहरात बाजारहाट करीत, आणि कर मात्र ग्रामपंचायतीस देत. पालिकेला त्यांचा भार होता, उत्पन्न नव्हते. ग्रामपंचायतीला लोकवस्ती शहराएवढी झाली होती, साधने गावाएवढीच होती. हा प्रस्ताव कित्येक वर्षे पडून राहिला, कारण हद्द वाढली की मतदारही वाढतात आणि पालिकेतील तोलमोल बदलतो. अखेर सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने हद्दवाढ मंजूर केली. त्यासाठी कोणी पाठपुरावा केला याच्या दोन हकिकती शहरात सांगितल्या जातात. नव्या हद्दीतील घरमालकाला त्यांत रस नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी जाऊन पालिकेची घरपट्टी येणार, तेव्हा रस्त्यावरचा दिवा, कचऱ्याची गाडी आणि गटार हेही येणार की नाही, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे होते. आणि तेथेच हद्दवाढीनंतर काही काळाने विचित्र योग आला. २०२१ च्या अखेरीस पालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली व कारभार प्रशासकाकडे गेला. नव्याने शहरात आलेल्या या नागरिकांना ग्रामपंचायतीतील आपला सदस्य गमवावा लागला, आणि पालिकेतील सदस्य मिळाला नव्हता.

सांगलीतही ऑगस्ट २०२३ पासून प्रशासक आले. त्याआधी मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपली होती. या रिकाम्या काळाचा परिणाम निधीवर कसा झाला, हे समजण्यासाठी जिल्हा नियोजन समितीची घडण लक्षात घेतली पाहिजे. घटनेच्या कलम २४३ यघ प्रमाणे समितीच्या किमान चार पंचमांश सदस्यांची निवड जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून करावयाची असते. निर्वाचित सदस्यच नाहीत, तर हे चार पंचमांश आणावयाचे कोठून? समिती चालली, निधीही वाटला गेला, परंतु वाटणीच्या वेळी ‘आमच्या प्रभागाचे काय’ असे विचारणारा माणूस त्या खोलीत नव्हता. अध्यक्षस्थान पालकमंत्र्यांचे असते. सांगलीने २०१४ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत चंद्रकांत पाटील, सुभाष देशमुख, जयंत पाटील, सुरेश खाडे आणि पुन्हा चंद्रकांत पाटील असे पालकमंत्री पाहिले. साताऱ्याने विजय शिवतारे, बाळासाहेब पाटील आणि शंभूराज देसाई यांचा काळ पाहिला. प्रत्येकाची आपली दृष्टी, आपली यादी. ज्या शहरापाशी स्वतःचा तयार आराखडा नसतो, त्या शहरात पालकमंत्र्यांची यादी हाच आराखडा होतो.

येथे एका जुन्या वादाची आठवण होणे साहजिक आहे. वारणेवर धरण खुजगावला बांधावे की चांदोलीला, या प्रश्नावर राजारामबापू पाटील आणि वसंतदादा पाटील हे सांगली जिल्ह्यातील दोन दिग्गज एकमेकांसमोर उभे राहिले होते. बापू खुजगावच्या बाजूचे, दादा चांदोलीच्या. तो वैरभाव कमी तीव्र नव्हता. त्याने जिल्ह्याचे दोन तट पडले आणि ते तट पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचले. पण त्या भांडणाचा विषय धरणाची जागा हा होता. किती गावे पाण्याखाली जातील, किती शिवार भिजेल, यावर सभा झाल्या आणि शेतकऱ्याला त्या कळल्या. धरण शेवटी चांदोलीला झाले. आज पालिकेच्या एखाद्या योजनेवर दोन गट भांडतात, तेव्हा जलशुद्धीकरण केंद्राची जागा, नळाची जाडी, उपशाचा खर्च यांवर ते भांडले, तर शहराचे नुकसान न होता उलट शिक्षणच होईल. असे भांडण ऐकण्यास सभागृहाच्या सज्जात लोकांनी येऊन बसावे आणि शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांनाही आणावे.

कासच्या वाढीव धरणाची हकिकत या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. शहर वाढले, जुना तलाव अपुरा पडू लागला, तेव्हा धरणाची उंची वाढविण्याचे ठरले. २०१८ मध्ये काम सुरू झाले. पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलेले, भोवती वन, पाऊस असा की वर्षातील काही महिने काम बंदच. मूळ अंदाजपत्रक अपुरे पडले आणि वाढीव निधीसाठी पुन्हा शासनाकडे जावे लागले. या काळात राज्यात सरकार बदलले, दोन्ही राजांनी पक्ष बदलला, पालिकेची मुदत संपली आणि मधे महामारीचे वर्ष गेले. तरीही काम पुरते थांबले नाही. त्याची कारणे शोधता काही साध्या गोष्टी हाती लागतात. कार्यादेश निघालेला होता. अर्धवट धरण सोडणे कोणत्याच सरकारला परवडणारे नव्हते. आणि कासचे पाणी ही सातारकरांची अशी सामाईक मिळकत होती की, त्याच्या आड येण्याचे धाडस कोणत्याही आघाडीने केले नसते. श्रेयाचे दावे दोन्ही बाजूंनी झाले, आणि त्या दाव्यांनीच वाढीव निधीचा पाठपुरावा जागता ठेवला असेही म्हणता येईल.

धरणाची साठवण पूर्वीच्या सुमारे पाचपट झाली. पठारावर धो धो पाऊस पडून तलाव भरला, जलपूजने झाली, छायाचित्रे छापून आली. त्यानंतर पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात एक जुनाच प्रश्न नव्याने मांडला गेला. पाणी पाचपट साठले, पण ते शहरात आणणारी वाहिनी जुन्या मापाची होती. मोठी जलवाहिनी टाकावयाची तर पुन्हा प्रकल्प अहवाल, पुन्हा तांत्रिक मान्यता, पुन्हा शासनाचा निधी आणि पालिकेचा हिस्सा. त्या दुसऱ्या योजनेची धारिका मग त्याच वाटेने मुंबईकडे निघाली.